आमदार गावात येणार आहेत? काम मांडायचं असेल तर आधी हे वाचा

आमदारांचा दौरा जाहीर झाला की गावात लगबग सुरू होते. ग्रामपंचायतीसमोर मंडप पडतो, शाल-श्रीफळ येतं, कोण कुठे बसणार यावर चर्चा रंगते. गाड्या निघून गेल्यावर मात्र कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू येतं: "सांगितलंय साहेबांना, बघू म्हणालेत." या "बघू"वर थांबलेली कामं महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडतील. दर वेळी आमदारांनीच टाळाटाळ केलेली असते असं नाही. बरेचदा मागणी चुकीच्या दारात गेलेली असते, कागद अर्धवट असतो, किंवा दिलेल्या कागदामागे नंतर कोणी गेलेलंच नसतं.

आमच्या वस्तीच्या ओढ्यावर फरशी पूल व्हावा म्हणून मी या सगळ्या पायऱ्या चढलो आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरांची शाळा बुडायची आणि दुधाच्या किटल्या वस्तीवरच अडकायच्या. आता पूल झाला आहे. त्या वाटेवर जे कळलं ते इथे क्रमानं मांडतो. गावातला एखादा तरुण, नवा सरपंच किंवा महिला बचत गटाची अध्यक्षा पहिल्यांदाच निवेदन घेऊन जाणार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

1. आधी ठरवा, काम नेमकं कोणाचं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आमदार म्हणजे सगळ्या कामांचं एकच दार, असं आपण धरून चालतो. पण गावातली गटारं, दिवाबत्ती, कचरा ही ग्रामपंचायतीची कामं. रेल्वे फाटक, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट हे केंद्राचे विषय, तिथे खासदारांकडे जा. राज्य सरकारच्या खात्यांकडे असलेल्या कामांत आमदारांचा खरा उपयोग होतो: सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, महावितरण, आरोग्य केंद्र, एसटी. शिवाय जिल्हा परिषदेच्या कामांना निधी मिळवून देता येतो.

रस्त्याच्या बाबतीत तर हे आधी बघायलाच हवं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. तुमच्या रस्त्याला क्रमांक आहे का, हे पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन विचारा. क्रमांकच नसेल तर कागदावर तो रस्ताच नाही, मग त्यावर खर्च टाकायचा कसा, असा प्रश्न कार्यालयात उभा राहतो. अशा वेळी पहिली मागणी रस्त्याला क्रमांक मिळावा अशी करा, डांबरीकरण त्यानंतर. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी वेगळी योजना असते आणि तिचा प्रवासही वेगळा, त्यामुळे पाणंद आणि गावरस्ता एकाच निवेदनात घालू नका.

वैयक्तिक कामं बाजूला काढा. निराधार योजनेचा अर्ज, रेशनकार्डातली नावं, दवाखान्याचं बिल ही कामं महत्त्वाचीच, पण ती दौऱ्याच्या गर्दीत मांडायची नसतात. जनसंपर्क कार्यालयात एक माणूस याचसाठी बसलेला असतो. तिथे शांतपणे जा, कागद दाखवा, काम लवकर होतं. महसूल, भूमी अभिलेख यांच्याविरुद्धची वैयक्तिक तक्रार असेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे सार्वजनिक मागण्या चालत नाहीत, वैयक्तिक तक्रार चालते.

2. पैसा कुठून येणार, हे समजून घ्या

"आमदार निधीतून द्या" असं आपण सहज म्हणतो. महाराष्ट्रात हा निधी वर्षाला 5 कोटी रुपये आहे. 2022 च्या अर्थसंकल्पात तो 4 कोटींवरून वाढवला गेला. आकडा मोठा वाटतो. पण मतदारसंघात शंभर गावं धरली, तर सरळ वाटणीत एका गावाला वर्षाला 5 लाख येतात, आणि ग्रामीण मतदारसंघात गावं त्याहून जास्तच असतात. त्यामुळे आमदार निधीतून शाळेची खोली, छोटी मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट), व्यायामशाळा, रस्त्याचा छोटा तुकडा अशी कामं मागावीत. दोन किलोमीटरचा रस्ता तिथून मागितलात तर तुमचा कागद बाजूला पडेल.

दुसरं नाव कानावर पडेल ते "पंचवीस-पंधरा". ग्रामविकास विभागाचं 2515 हे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं ठरलेलं खातं, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधांसाठी. याची मंजुरी मंत्रालयातून येते. तिसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. चौथा अर्थसंकल्पाचा: मोठे रस्ते आणि पूल मार्चच्या बजेटमध्ये किंवा अधिवेशनात येणाऱ्या पुरवणी मागण्यांमध्ये (बजेटनंतर मागितलेला जादा खर्च) धरले जातात.

आमदार निधीतलं एक सूत्र कायम ध्यानात असू द्या. आमदार शिफारस करतात, प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी) जिल्हा नियोजन कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात मिळते, आणि काम कार्यान्वयीन यंत्रणा, म्हणजे बांधकाम विभागासारखं प्रत्यक्ष काम करून घेणारं खातं, करते. पैसे आमदारांच्या खिशातून किंवा खात्यातून निघत नाहीत. म्हणून तोंडी "दिले" या शब्दाला किंमत नाही. शिफारस कागदावर आली की पहिली पायरी झाली असं समजा.

3. कागद तयार करा

दौऱ्याच्या आदल्या रात्री सरपंचांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून सही-शिक्का मारायचा, ही पद्धत सोडा. हे कागद हाताशी ठेवा:

- ग्रामसभेचा ठराव, क्रमांक आणि तारखेसह. कायद्याप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, तेव्हा योग्य सभेत विषय आधीच घ्या.
- जागेचा 7/12 उतारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8.
- हे काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर नाही, असा ग्रामपंचायतीचा दाखला.
- रस्ता असेल तर त्याचा क्रमांक आणि साधा हाती काढलेला नकाशा.
- दोन-तीन फोटो, शक्यतो पावसाळ्यातले.
- अंदाजपत्रक, किंवा निदान कनिष्ठ अभियंत्याने पाहणी करून सांगितलेली अंदाजे रक्कम.

शेवटचा कागद मिळवायला थोडे हेलपाटे पडतात, पण तोच सगळ्यात उपयोगी. रक्कम माहीत नसेल तर आमदारही काही ठरवू शकत नाहीत. पंचायत समितीत कनिष्ठ अभियंत्यांना भेटा, जागेवर या म्हणून विनंती करा, ते आले की स्वतः सोबत थांबा. पाणी कुठपर्यंत चढतं हे गावातल्या माणसालाच माहीत असतं, आणि ते सांगितलं नाही तर पाईप लहान धरले जातात.

जागेबद्दल एक इशारा. सभामंडप हवा असतो आणि तो देवळाच्या आवारात व्हावा असं गावाला वाटतं. आवार ट्रस्टच्या किंवा कोणाच्या खासगी नावावर असेल तर फाईल तिथेच अडते. सरकारी पैशातून होणारी इमारत सार्वजनिक जागेवरच व्हावी लागते. उतारा आधी बघा, ठराव नंतर करा. कोणी जागा दान द्यायला तयार असेल तर तोंडी शब्दावर थांबू नका, नोंदणीकृत बक्षीसपत्र करून उताऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लावून घ्या. दान देणारा भला माणूस असतो, पण पुढच्या पिढीचं मन आज सांगता येत नाही.

निवेदन एका पानाचं, एका कामाचं. नमुना असा:

*प्रति, मा. आमदार महोदय.*
*विषय: मौजे (गावाचं नाव) येथील ग्रामीण मार्ग क्र. (…) वर ओढ्यावर फरशी पूल बांधण्याबाबत.*
*महोदय, वरील रस्त्यावर गाव आणि वस्ती यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात पाणी आल्यावर वस्तीचा संपर्क तुटतो. विद्यार्थी शाळेत पोहोचू शकत नाहीत, आजारी माणसास दवाखान्यात नेता येत नाही. सदर रस्ता जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहे. ग्रामसभेने दि. (…) रोजी ठराव क्र. (…) मंजूर केला असून अंदाजपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. तरी सदर काम आमदार स्थानिक विकास निधी अथवा 2515 लेखाशीर्षातून घेण्याची शिफारस व्हावी, ही विनंती.*

खाली सरपंचांची सही, आणि ज्याला फोन केला तर उचलेल अशा एकाच माणसाचा मोबाईल नंबर. शेकडो सह्यांचं बाड जोडायची गरज नसते, ग्रामसभेचा ठराव त्याहून वजनदार.

कामाचं नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच ठेवा. ठरावात "ओढ्यावर पूल", निवेदनात "सीडी वर्क", अंदाजपत्रकात "मोरी" असं झालं की मंजुरीत चौथंच नाव येतं. मग शुद्धिपत्रक काढावं लागतं, आणि त्या एका कागदापायी अख्खं वर्ष जातं.

4. कोणत्या भेटीत काय मागायचं

आमदार मतदारसंघात फिरतात ते अनेक कारणांनी, आणि प्रत्येक वेळ कामाची नसते. लग्न, दशक्रिया, सांत्वन भेट इथे निवेदन काढू नये. लोकांच्या दुःखात ते शोभत नाही आणि तो कागद गांभीर्यानं घेतलाही जात नाही. भूमिपूजन आणि लोकार्पणाला संबंधित खात्याचे अधिकारी हजर असतात, त्यामुळे त्याच खात्याचं काम असेल तर ती वेळ चांगली. गावभेट दौऱ्यात सोबत तालुक्याचे अधिकारी आहेत का, हे आदल्या दिवशी स्वीय सहाय्यकांना फोन करून विचारा. शासकीय विश्रामगृहावरचा जनता दरबार हा वैयक्तिक आणि अडलेल्या कामांसाठी बरा.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे पंचायत समितीची वार्षिक आमसभा. अध्यक्षस्थानी आमदार असतात, समोर तालुक्यातले सगळे खातेप्रमुख बसलेले असतात, आणि जे बोललं जातं त्याचं इतिवृत्त होतं. तिथे उठून प्रश्न विचारला की उत्तर अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर द्यावं लागतं. प्रश्न लेखी, आधी देऊन ठेवा. पुढच्या सभेत मागच्या प्रश्नाचं काय झालं, हे विचारायचा हक्क तुम्हाला इतिवृत्तामुळे मिळतो.

वेळेचंही भान हवं. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. जानेवारीनंतर आमदार निधीतून काही मागितलं तर बहुधा यादी भरलेली असते. एप्रिल ते जून या काळात नव्या वर्षाची आखणी होत असते, तेव्हा कागद पोहोचायला हवा. अधिवेशनाच्या काळात आमदार मुंबईत किंवा हिवाळ्यात नागपुरात असतात, तेव्हा गावात त्यांची वाट बघू नका. निवडणूक जाहीर होऊन आदर्श आचारसंहिता लागली की नवी कामं जाहीर करता येत नाहीत, भूमिपूजनं थांबतात. त्या काळात कोणी नारळ फोडून दाखवत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

5. प्रत्यक्ष भेट

तुम्हाला मिळतात फार तर दोन मिनिटं. गाडीतून उतरल्यावर हार, औक्षण, फोटो यात पहिला वेळ जातो. हाराबरोबर निवेदन कधीच देऊ नका. हार ज्या हातात जातो त्याच हातात कागद जातो, आणि संध्याकाळी तो हारांच्या ढिगाखाली सापडतो. सगळे स्थानापन्न झाल्यावर, बोलायची वेळ आली की द्या.

बोलणारा एकच ठरवा. पाच जण पाच कामं सांगू लागले की आमदार सगळ्यांना "करू" म्हणतात, आणि ते साहजिकच आहे. आमच्याकडे सरपंच ताई बोलल्या, त्या एवढंच म्हणाल्या: "साहेब, ओढ्यावरच्या फरशी पुलाचं काम आहे. ग्रामसभेचा ठराव झालाय, अंदाजपत्रक जोडलंय. उपअभियंता साहेब इथेच आहेत, त्यांनी जागा बघितली आहे. यंदाच्या यादीत एवढं एकच काम घ्या."

आमदारांनी मागे वळून विचारलं, "काय हो, बघितलीय का जागा?" उपअभियंता म्हणाले, "हो साहेब, टेक्निकली काही अडचण नाही." कामाचं भवितव्य त्या वाक्यात ठरलं. अधिकाऱ्याला आधी जागेवर नेल्याचा फायदा असा होतो: तो तुमच्या बाजूनं साक्ष देतो. न सांगता सगळ्यांसमोर त्याच्यावर ढकललं तर तो "तपासून सांगतो" म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

निवेदनावर शेरा मागा. कोपऱ्यात "जिल्हा नियोजन अधिकारी, प्रस्ताव सादर करावा" अशी एक ओळ, सही आणि तारीख. नुसत्या "योग्य कार्यवाही व्हावी" या शेऱ्यानं कागद फिरत राहतो, तेव्हा अधिकाऱ्याचं पद लिहून मिळावं अशी नम्रपणे विनंती करा. शेऱ्याच्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढा. मग मूळ कागद स्वीय सहाय्यकांच्या हातात द्या. "भाऊ, हा आमचा कागद, याचा आवक नंबर उद्या घ्यायला येतो" असं सांगा. आवक नंबर म्हणजे कार्यालयात कागद नोंदला गेल्याचा क्रमांक.

आमदार तुमच्या पक्षाचे नसतील तर? काही फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, पडतो. तरीही ठराव ग्रामसभेचा असेल आणि मागणी पूर्ण तयार असेल, तर नाकारणं कोणालाच सोपं जात नाही. भेटीला दोन्ही गटांची माणसं सोबत न्या. गाव एका कामावर एकत्र आहे हे दिसणं फार मोठी गोष्ट आहे.

6. दुसऱ्या दिवसापासून खरं काम

जनसंपर्क कार्यालयात जाऊन आवक क्रमांक घ्या आणि शिफारस पत्र कोणाच्या नावे निघालं ते बघा. आमदार निधीचं पत्र जिल्हाधिकारी किंवा जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या नावे हवं. 2515 चं पत्र ग्रामविकास विभागाकडे जायला हवं. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परत येत नाही, ते तिथेच राहतं. शिवाय शिफारस पत्र आणि यादीतलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रं पुष्कळ निघतात. यादीत कामाचं नाव, रक्कम आणि यंत्रणा असते. तुमचं काम यादीत आलं का, तेवढंच विचारत राहा.

त्यापुढचा क्रम ठरलेला आहे: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र). प्रत्येक टप्प्यावर फाईल एका टेबलावर असते. ते टेबल कोणतं, हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. त्यासाठी आमदारांना फोन करायची गरज नाही, त्या कार्यालयातल्या लिपिकाशी नीट बोला. एका वहीत तारीख, कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुढची तारीख काय, एवढं लिहा. ही वही एकाच माणसाकडे असू द्या. तोच माणूस दर वेळी जाऊ लागला की कार्यालयात त्याला ओळखू लागतात.

आमदारांना मध्येच त्रास द्यायची वेळ एकच: फाईल अडली आहे, कुठे आणि का अडली आहे हे तुम्हाला नेमकं माहीत आहे, आणि एका फोननं ती सुटणार आहे.

काही महिने हालचालच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचं शुल्क, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. "आमदार स्थानिक विकास निधीतून चालू वर्षात आमच्या तालुक्यात मान्यता दिलेल्या कामांची यादी द्यावी" इतकं पुरे. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. हे चिडून करू नका, अर्ज करण्याआधी कार्यालयात तोंडी सांगून या. पुष्कळदा तेवढ्यानंच फाईल हलते.

प्रश्न एका गावापुरता नसेल, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीचा, म्हणजे आवर्तनाचा, किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसल्याचा असेल, तर आमदारांना विधानसभेत मांडायला सांगा. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, त्यामुळे माहिती वेळेत पोहोचवा: किती पदं मंजूर, किती रिकामी, कधीपासून. तातडीच्या विषयाला लक्षवेधी सूचना असते. तुमचे आमदार स्वतः मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी विधान परिषदेतल्या सदस्याकडे जा. 78 सदस्यांच्या त्या सभागृहात पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असतात, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांची गर्दी तुलनेनं कमी असते.

7. काम सुरू झाल्यावर

भूमिपूजन झालं की गाव निवांत होतं, ते होऊ देऊ नका. कामाच्या जागी रक्कम, ठेकेदार, कालावधी लिहिलेला फलक लावायला लावा. अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि पाईपांचा व्यास, काँक्रीटची जाडी त्यावरून जुळवून बघा. कुणाशी भांडायचं नसतं, टेप घेऊन जायचं आणि आकडे विचारायचे. शंका आली तर काम चालू असतानाच उपअभियंत्यांना लेखी कळवा आणि प्रत आमदारांच्या कार्यालयात द्या. बिल निघाल्यावर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ राहत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव बघून या. खचला असेल तर त्याच दिवशी फोटो काढून अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण दोषदायित्व कालावधी (बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ) संपेपर्यंत ती दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करून द्यायची असते.